कठड्यावरचं पान

छापखान्यातून रिटायर झालो आणि चाळीचा कचरा मी माझ्या ताब्यात घेतला. कोणी दिला नव्हता, मीच घेतला. काळाचौकीला आमची चार मजल्यांची चाळ, वर गच्ची, आणि गच्चीच्या कोपऱ्यात मी भोकं पाडून ठेवलेले दोन निळे ड्रम. ओला कचरा तिथे आणून टाकायचा, सुका खाली गाडीला द्यायचा. एवढी साधी गोष्ट, पण लोकांच्या डोक्यात शिरता शिरत नव्हती. कोणी मेथीच्या देठांबरोबर दुधाची पिशवी टाकी, कोणी कोलंबीची सालं वर्तमानपत्रात गुंडाळून गुपचूप सोडून जाई. मी डबे उघडून बघायचो आणि ज्याचं माप त्याच्या पदरात घालायचो. शेजारच्या वहिनी मला तोंडावर मुकादम म्हणायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

ड्रमाचं काम मी मन लावून करतो. खाली सुका पाला, मग कचरा, वर नारळाचा भुसा, थोडं आंबट ताक, आणि दर तीन दिवसांनी सळी घेऊन सगळं खालवर. दोनेक महिन्यांनी काळं, भुसभुशीत खत हातात येतं तेव्हा मला पोटभर जेवल्यासारखं वाटतं. बायको म्हणते, पोरं झाली तेव्हासुद्धा तुमचा चेहरा असा फुलला नव्हता.

माझी खरी डोकेदुखी होती गच्चीचा कठडा. उरलेला भात, शिळी पोळी, लोक पक्ष्यांच्या नावानं तिथे ठेवून जायचे. पक्षी चार शितं खाणार, बाकीच्यावर उंदीर ताव मारणार. त्यामुळे कठड्यावर काही दिसलं की उचलून ड्रमात टाकायचं, हा माझा कायदा होता. कोणाचं आहे, कशाला ठेवलंय, ह्याच्या चौकशीत मी पडत नव्हतो.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला मी गच्चीवर गेलो तर कठड्यावर केळीचं पान. पानावर भात, काळ्या वाटाण्याची उसळ, दोन वडे, अळूची भाजी, खीर. शेजारी कपभर चहा, गार होऊन साय धरलेला. माझं डोकंच फिरलं. इतकं चांगलं अन्न कोणी असं टाकतं का? सगळं ड्रमात सारलं. ड्रम जरा कोरडा पडला होता म्हणून चहाही त्यातच ओतला. वरून पाला पसरला, झाकण लावलं. केळीचं पान तसंच टाकलं तर कुजायला वेळ लागतो, ते बारीक कापावं लागतं. म्हणून ते रिकाम्या कपाशेजारी कठड्यावरच ठेवलं आणि कात्री आणायला खाली घरी गेलो.

परत आलो तर पानासमोर वहिनी हात जोडून उभ्या. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पितृपक्ष चालू होता. आमच्या घरी सगळं सर्वपित्रीला असतं, त्यामुळे बाकीचे दिवस माझ्या लक्षातच राहत नाहीत. वहिनींचा नवरा, माझा कॅरमचा जोडीदार, जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याची तिथी होती. ते पान कावळ्यासाठी ठेवलेलं होतं.

मी कात्री पाठीमागे लपवली.

वहिनींचे डोळे भरून आले होते, पण चेहरा मी दीड वर्षात पाहिला नव्हता इतका मोकळा होता. त्यांनी मला सगळं सांगितलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता, हे मला माहीत होतं. मी तिथेच होतो. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ भागवली होती. पण त्यामागचं त्या आज पहिल्यांदा बोलत होत्या. तो गेला त्या सकाळी त्यानं दुसऱ्यांदा चहा मागितला, आणि त्या कामाच्या घाईत त्याच्यावर खेकसल्या. तो तसाच उठून गेला आणि दुपारी रस्त्यातच कोसळला. माझ्यावर रागावून गेले, म्हणून शिवत नाहीत, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. आजही तासभर उन्हात उभ्या राहिल्या, कावळा फिरकला नाही. मुलीचं लग्न करीन म्हणाल्या, गावच्या घराची कौलं बदलीन म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, चुकलं माझं, आता राग सोडा. रडू आवरेना म्हणून तोंड धुवायला खाली गेल्या, आणि वर येऊन बघतात तर पान स्वच्छ.

"सगळं घेतलं हो भावजी," त्या म्हणाल्या. "जन्मात अळू खाल्लं नव्हतं त्यांनी."

मी आयुष्यभर तोंडाचा फटकळ. पण त्या वेळी माझ्या तोंडून एवढंच निघालं की बरं झालं, वहिनी.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कपाळावर हात मारून खालीच बसली. मग म्हणाली, एक अक्षर बोलाल तर गाठ माझ्याशी आहे. मी नाही बोललो. पण त्या ड्रममध्ये सळी घालताना माझा हात अडखळायला लागला. त्यात भर म्हणजे वहिनींचं बदललेलं वागणं. त्या आता गॅलरीत सगळ्यांमध्ये येऊन बसत, हसत. त्यांचा ओल्या कचऱ्याचा डबा तर चाळीत सगळ्यात चोख यायचा, नाव ठेवायला जागा नाही. त्यांनी डबा हातात दिला की मला चोर झाल्यासारखं वाटायचं.

दिवाळीनंतर त्या ड्रमचं खत तयार झालं. घरटी एक पिशवी वाटायची असते. वहिनींची पिशवी घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि मला राहवेना. म्हटलं बायकोला काय करायचं ते करू दे.

"वहिनी, त्या दिवशी ते पान..."

"बसा," त्या म्हणाल्या. मी बसलो. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. "कावळा अख्खा कप चहा पीत नाही, भावजी. एवढं कळतं मला. दुसऱ्या दिवशी कळलं. तुमच्याशिवाय गच्चीवर कोण जातं त्या वेळेला?"

माझा चेहरा पडला. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"आठवडाभर तुमच्यावर रागावले होते. मनातल्या मनात शिव्या पण घातल्या. पण मला त्यांना जे सांगायचं राहिलं होतं ते मी बोलले ना त्या दिवशी? ते तर मी खरंच बोलले. तेव्हापासून झोप लागते मला. आता तुम्ही ते परत उकरू नका."

मी मान हलवली. जन्मात मला कोणी असं गप्प केलं नव्हतं, आणि गप्प बसून इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.