शनिवारचा गहू

वाऱ्याशी इतकं प्रामाणिक वागणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि त्याच माणसाला मी सबंध हिवाळाभर फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. माझे मोठे मेहुणे शेतीसंशोधनाच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण दिल्लीच्या कडेला, नजफगढच्या पुढे गव्हाच्या शेतात उभा केलेला त्यांचा खांब त्यांना सोडवेना. त्या खांबावरचं यंत्र सेकंदाला दहा वेळा वारा मोजतं आणि शेत हवेतून किती कार्बन घेतं, हवेला किती वाफ नि उष्णता परत देतं, ते टिपतं. दर शनिवारी सकाळी यंत्राची काच पुसायला ते स्वतः जात. त्यांनी गाडी चालवणं सोडल्यापासून त्यांना द्वारकेहून नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

त्यांच्या नियमांची मला धास्तीच असे. खांबाजवळ गेलं की म्हणायचे, "जावईबापू, श्वास बेताने. गहू काय सोडतो ते मोजायचंय, तुम्ही काय सोडता ते नको." एकदा शेतमालकाने बांधावर बिडी पेटवली, तर ह्यांनी वेळ, अंतर आणि बिडीची लांबी वहीत लिहून घेतली. "बाबूजी, खाँसूँगा तो वो भी लिखोगे?" म्हाताऱ्याने विचारलं. "बिल्कुल," हे गंभीरपणे म्हणाले. आमच्याकडे जेवायला आले तरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून वाफ किती गेली याचा अंदाज करत बसायचे. सगळ्यांत कडक नियम गाडीचा: ती लांब कालव्यापाशी, इंजिन बंद करून ठेवायची. पण जानेवारीतली ती थंडी! ते धुक्यात दिसेनासे झाले की मी गाडी हळूच मोहरीच्या शेताआड आणायचो आणि हीटर लावून बसायचो. ते परतायच्या आत पुन्हा कालव्यापाशी. वारा मोहरीच्या बाजूनेच येतो, हे त्यांनीच मला दहादा सांगितलं होतं.

फेब्रुवारीत एका रात्रीच्या जेवणाला ते आलेख घेऊन आले. हिरवंगार पीक, भर उजेडात, फक्त शनिवारीच कार्बन घेण्याऐवजी सोडत होतं. "दादा, शनिवारचा उपास करत असेल तुमचा गहू," बायको म्हणाली. मी ताटावरची मान वर केली नाही. मेहुणेही हसले नाहीत. वर्षभरापासून किंचित थरथरणारी आपली बोटं त्यांनी पाहिली. "शनिवारी हात मीच लावतो ना. काच नीट पुसली जात नसणार. संस्थेतल्या पोरांचं काम नासवतोय मी. सोमवारी यंत्राच्या पेटीची किल्ली देऊन टाकतो त्यांना."

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते पत्र लिहीत बसले होते. हंगामाचे सगळे आकडे बाद धरावेत, दोष माझ्या हातांचा, असं त्यात होतं. चहा समोर आला, निवला. त्यांनी पत्राची घडी घातली, तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं.

"दादा, हे पाठवू नका. तुमचे हात ठीक आहेत. तुमची पाठ वळली की मी गाडी मोहरीआड आणून इंजिन चालू ठेवत होतो. आणि तुम्हाला स्वतःवर संशय आला, तेव्हाही मी गप्प जेवत राहिलो. ते त्याहून वाईट झालं. माझं चुकलं, दादा. मला माफ करा."