मोर्चातला माणूस

परळच्या हॉस्पिटलात वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन अडलं होतं. नव्या सरकारी आरोग्य योजनेचा आमचा अर्ज दोनदा परत आला होता. रांगेत मागे उभ्या असलेल्या, विरोधी पक्षाचा बिल्ला लावलेल्या एका म्हाताऱ्याने माझे कागद घेतले, चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ धरून वाचले.

"अर्जातलं नाव आधारशी जुळत नाहीये. चला."

त्याने खिडकीवर उभं राहून दुरुस्ती करून घेतली. दुपारी मंजुरी आली आणि मी भिंतीला टेकून रडलो.

"काका, तुमचा पक्ष तर या योजनेविरुद्ध मोर्चे काढत होता."

"मीच पुढे होतो. पण आता योजना लागू झाली ना? मग ती सगळ्यांची."

ऑपरेशननंतर मी हे वडिलांना सांगितलं. ते सत्ताधारी पक्षाचे कट्टर समर्थक. म्हणाले, "त्यांना चहा तरी पाजलास का रे?"