साडेचार किलो आले कुठून?

महादूकाका काट्यावर उभे राहिले आणि काट्याने भर डायलिसिस युनिटमध्ये माझं नाक कापलं. तीन दिवसांत साडेचार किलो!

समजावून सांगतो. डायबेटीसने मूत्रपिंडं गेली की लघवी जवळजवळ थांबते. प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. ते काढल्यावर जे वजन उरायला हवं, ते ‘ड्राय वेट’. वर चढलेलं पाणी मशीनने चार तासांत ओढायचं. फार ओढलं की बीपी कोसळतं, पायांत गोळे येतात. ठेवलं तर फुप्फुसात शिरतं. आदल्या आठवड्यात काकांना ऑक्सिजन लावावा लागला होता. "पुन्हा असं झालं तर वाचवणं कठीण," डॉक्टरांनी बजावलं होतं.

श्रीवर्धनच्या आमच्या सेंटरमधला मी सर्वांत जुना टेक्निशियन. मी गरजलो, "काका, वाडीत शहाळी फोडताय ना?"

"आईशपथ न्हाय! तू दिलेली बाटली, तेवढीच पितो दिवसाला."

तेवढ्यात नीलम आली. नवी डाएटिशियन, वय सव्वीस, आठवड्यातून एकदा तळा गावाहून येते. माझ्याशी शुगरबद्दल बिनदिक्कत खोटं बोलणारे पेशंट हिच्यापुढे लपून खाल्लेला लाडूसुद्धा कबूल करतात. वीस वर्षं सुया मी टोचल्या, लाड हिचे! मी असा जळत होतो की मशीनचा टेम्परेचर अलार्म कसा वाजला नाही, देव जाणे.

ती स्टूल ओढून काकांसोबत आलेल्या काकूंजवळ बसली. "काकू, काका जेवतात काय?"

"जेवतात कसले! पेज. तिन्ही वेला वाडगा भरून, सोबत सुकट. अशक्त मानसाला पेजच बरी ना?"

"मग ती पाण्यात मोजता?"

"पान्यात कशी मोजू गं? ती जेवन हाय!"

माझा चेहरा पडला. वाडग्यात शितं मूठभर, बाकी सगळं पाणी. वर खारी सुकट तहान लावणार. आणि मी आपला नारळाच्या झाडांवर संशय घेत बसलेलो!

नीलमने पेज बंद केली. मोजून घट्ट भात, अंड्याचा पांढरा भाग, थोडी ताजी मासळी, मीठ जेमतेम. शुगर चढली की तहानही चढते, म्हणून इन्सुलिन वेळेवर.

"वा, नीलम!" डॉक्टर म्हणाले. मला त्यांनी चिकटपट्टी आणायला पाठवलं.

दोन आठवड्यांनी काका दोन किलोच वाढवून आले आणि मशीनवर चक्क घोरले.

आता नवा पेशंट आला की मी आधी ‘काय जेवता’ विचारतो, मग ‘काय पिता’. हे मला कोणी शिकवलं, ते मात्र कोणालाही सांगत नाही.