खाप्याचं वळण

मनीषनगरात आमच्या समोर राहणाऱ्या काकांकडे दोन सीटची, टप उघडणारी लाल गाडी आहे. रोज सकाळी ते जुन्या बनियनने तिला पुसतात आणि पुसता पुसता तिच्याशी भांडतात. "काहून इतक्या उशिरा आली वं तू?"

एकदा मी विचारलंच, तर म्हणाले, "पोरं मार्गी लागेपर्यंत थांबलो ना बाप्पा. तोवर हिची कंबर गेली."

हिची म्हणजे काकूंची. गाडी इतकी ठेंगणी, की खड्ड्याचा दणका थेट मणक्यात बसतो. पहिल्याच फेरीनंतर डॉक्टरांनी काकूंना मनाई केली, आणि एकट्याने फिरवायला काका तयार नाहीत. त्यामुळे संध्याकाळी ऊन उतरलं की ते पोर्चमध्येच टप उघडतात, काकूंना हात देऊन आत बसवतात आणि दोघं तिथंच चहा पितात. मला आधी हसू यायचं.

काल मी फाटकाशी झाडांना पाणी घालत होतो. उभ्या गाडीत काकांनी डावा इंडिकेटर दिला.

"आता हे काहून?" काकूंनी विचारलं.

"तुहं खापा आलं ना. इकडूनच वळा लागते."

खापा काकूंचं माहेर. मला वाटलं, आता हसतील. वारा अजिबात नव्हता, तरी त्यांनी पदर खांद्याशी घट्ट धरला.

"हळू घ्या जी," त्या म्हणाल्या. "पुढं खड्डे आहेत."

काकांनी ब्रेक दाबला. मागचे लाल दिवे लागले, आणि बराच वेळ विझले नाहीत.