माझं वेगळं कार्ड

मी लिहावं असा माझा काही अधिकार नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं. रेशनचा, गॅसचा, माझ्या फ्रीशिपचा आणि चाळीतल्या चार घरांचा. दहावी झाल्यापासून ते काम माझ्याकडे आहे, कारण कॉलेजात गेलेला आमच्यातला मी पहिलाच. इथे रकाने नाहीत, त्यामुळे काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. वाचताना काही ठिकाणी किळस येईल. मलाही येते. ती गाळून एकदा लिहून पाहिलं, पण मग सांगण्यासारखं काही उरेना.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझ्या तळहातांवर डाग उठले. तांबूस, मसुराच्या दाण्याएवढे, न खाजणारे. मग तळपायांवर, मग पोटावर. मी हात मिटून वावरायला लागलो, पण जेवताना हात किती मिटणार? आईने पाहिलंच.

"काय रे, हाताक काय झाला?"

"काय नाय गं. ॲलर्जी."

"डॉक्टरांक दाखव आजच्या आज."

आईला माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. दोन-अडीच महिन्यांपूर्वी मी एका मुलाला भेटलो होतो. मी गे आहे हे मला शाळेपासून कळत होतं, पण कोणाला प्रत्यक्ष भेटलो ते तेव्हाच, पहिल्यांदा. त्यानंतर काही आठवड्यांनी खाली एक छोटी, न दुखणारी जखम झाली आणि आपोआप भरली. ती असेपर्यंत मी दिवसातून तीन वेळा कपडे धुवायच्या साबणाने अंग घासत होतो. रात्री मोबाइलवर वाचून एवढं कळलं होतं की रक्त तपासायला हवं. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि चिठ्ठीसाठी डॉक्टरला एक वाक्य सांगायला हवं. लॅबमध्ये थेट जाता येतं हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे चिठ्ठीशिवाय कोणी सुई टोचून घेत नाही.

तर ते एक वाक्य कोणाला सांगायचं, एवढाच माझा प्रश्न होता.

आमचे डॉक्टर कांदिवलीत चाळीच्या तोंडाशीच बसतात. आमचे म्हणजे खरंच आमचे. त्यांच्याकडे प्रत्येक घराचं एक पिवळं कार्ड असतं. आमचं वडिलांच्या नावाने आहे आणि त्यावर सगळ्या घराची दुखणी एकाखाली एक लिहिलेली आहेत. आजोबांचा गिरणीतला दमा, वडिलांचा टीबीचा कोर्स, आईचं बीपी, माझी जन्मानंतरची कावीळ. कंपाउंडर नंबर विचारतो, कार्ड काढतो, ते घेऊन आपण आत जायचं. आत म्हणजे खांद्याएवढ्या प्लायवूडच्या पलीकडे. बाकावरच्या बाया तिकडून आजाराचं नाव सुधारूनही देतात.

"काय हिरो? परीक्षा आली की आजारी?" डॉक्टर नेहमीसारखे म्हणाले. तळहात उजेडाकडे धरून पाहिले. "गर्लफ्रेंड-बिर्लफ्रेंड?"

"नाही," मी म्हणालो. खोटं नव्हतं. पलीकडच्या बाकावर शेजारच्या काकी गुडघेदुखीसाठी बसल्या होत्या आणि त्यांचं खोकणं त्याच क्षणी थांबलं होतं.

मलम दिलं. दहा दिवसांत काही फरक पडला नाही. मग त्यांनी बोरिवलीतल्या एका त्वचारोगवाल्याच्या नावाने चिठ्ठी दिली. मला बरंच वाटलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं.

बोरिवलीचा दवाखाना एसी होता. तपासायच्या टेबलाचं रेक्झिन मात्र फाटलेलं होतं, आतला पिवळा फोम दिसत होता आणि त्यात कोणाचे तरी केस अडकले होते. मी तिथे बसलो आणि ते वाक्य बोललो. पाठ करून गेलो होतो. "सर, माझा एका मुलाशी संबंध आला होता, मला रक्त तपासायचं आहे."

त्यांनी हातमोजे घातले. मग त्यांच्यावर आणखी एक जोडी घातली. तेवढ्यानेही भागलं नसावं, कारण माझा हात उचलला तो पेनच्या टोकाने. मनगटाखाली पेन घालून हात असा वर केला, जसं रस्त्यावर पडलेलं काहीतरी काठीने उलटून पाहतात. मग ते पेन कचऱ्याच्या डब्यात टाकलं. चांगलं पेन होतं.

पण इतकी घाण वाटणाऱ्या माणसाला प्रश्न मात्र भरपूर होते. मी बाईच्या जागी असतो की पुरुषाच्या? मजा कोणाला येते? किती जण झाले? विचारताना ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि पडद्यामागे कंपाउंडरच्या चपला हलत नव्हत्या. मी उत्तरं दिली. हे लिहायला लाज वाटते, पण दिली. डॉक्टर विचारतात तर सांगायचं असतं असं मला वाटलं. एक प्रश्न विचारून झाला की ते जीभ ओठांवरून फिरवायचे, आणि मला माझ्या अंगावर काहीतरी सांडल्यासारखं व्हायचं.

"लग्न झालं की जातं हे," ते शेवटी म्हणाले. "रक्त काढायचं तर घरचं कोणीतरी आण. आईला आण. तसं नियमात बसत नाही."

नियम म्हटलं की मी गप्प होतो. त्यांनी एक लिफाफा चिकटवून हातात दिला. "तुमच्या डॉक्टरांना दे." मी दारातून वळून पाहिलं तर ते माझ्या जागेवर सॅनिटायझर मारत होते.

आता माझी चूक सांगतो. तो लिफाफा मी उघडला नाही. घरातली सगळी पत्रं वाचणारा मी, हे तेवढं वाचलं नाही. आमच्यात साहेबाने दिलेला बंद कागद बंदच पोचवायचा असतो. वडील गोदामात कामाला आहेत, त्यांनी आयुष्यभर असे लिफाफे पोचवले. मीही इमानदारीत कंपाउंडरच्या हातात दिला. त्याने तो फोडून पिवळ्या कार्डाला स्टेपल केला.

पुढच्या आठवड्यात आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी तिच्यासोबत गेलो. आई खुर्चीत, मी स्टुलावर. डॉक्टरांनी कार्ड उघडलं. माझ्याकडे पाहिलं नाही. हिरो म्हणाले नाहीत. तो कागद आईकडे सरकवून म्हणाले, "वहिनी, बोरिवलीहून पत्र आलंय. तुमचा मुलगा वाचून दाखवेल. शिकलेला आहे."

"वाच बघूया, काय लिवलेला असा?" आई म्हणाली.

मी पहिल्यांदा ते वाचलं. इंग्रजीत, टाइप केलेलं. हा रुग्ण पुरुषांशी संबंध ठेवतो, लैंगिक आजाराची शक्यता आहे, घरच्यांना सावध करावं, भांडी-टॉवेल वेगळे ठेवावेत. डॉक्टर पट्टा आईच्या दंडाला गुंडाळत माझ्या तोंडाकडे पाहत होते. प्लायवूडच्या पलीकडे बाक भरलेला होता.

"लिहिलंय की ॲलर्जी आहे," मी म्हणालो. "जुनी आहे. जायला वेळ लागेल."

माझा आवाज अजिबात कापला नाही. रेशनच्या फॉर्ममधली सूचना वाचावी तसा निघाला. त्या पेनपेक्षा, त्या फोमपेक्षा, मला त्या दिवशी माझ्या त्या गुळगुळीत आवाजाची किळस आली. ज्या बाईला वाचता येत नाही तिच्याशी मी वाचण्यातूनच खोटं बोललो होतो.

डॉक्टरांनी पट्ट्यातली हवा सोडली, बीपी लिहिलं आणि पडद्याकडे तोंड करून कंपाउंडरला म्हणाले, "याचं कार्ड वेगळं काढ रे. या घराच्या कार्डावर नको."

आई खूश झाली. खरंच खूश झाली. बाहेर शेजारच्या काकींना तिने सांगितलं, "डॉक्टरांनी ह्येचा कार्ड वेगळा केल्यानी. मोठो झालो आता माझो झील!" काकी म्हणाल्या, "मगे पेढे दी!" मीही हसलो. घरी येऊन मोरीत ओकलो.

त्यानंतर डाग फिके पडायला लागले. मी ठरवलं, गेलं म्हणजे गेलं. कुठल्याच डॉक्टरचं तोंड पाहायचं नाही.

हे सगळं मी फक्त एकाला सांगितलं. माझा वर्गमित्र, मनोरीचा. घरी होडी आहे, आई मासे विकते आणि हा रोज फेरीबोटीने मार्वेला येऊन कॉलेज गाठतो. तो स्वतः माझ्यासारखा नाही. त्याला वर्गातल्या एकाच मुलीने दोनदा नकार दिलेला आहे. त्याने कॉलेजच्या जिन्यावर बसून सगळं ऐकलं, आणि पहिलं काय म्हणाला तर, "पेन टाकलं? येडाय का तो?"

मग म्हणाला, "तू ना, आधी जातोस आणि मग घाबरतोस. उलटं कर. आधी फोन लाव. विचार सरळ, मी गे आहे, चालेल का? नाय बोलले तर नाय. आमच्याकडे मासळी पण कल्ला उघडून बघतात घ्यायच्या आधी, तू डॉक्टर न बघता घेतोस!"

"फोनवर कसं विचारू रे?"

"तोंडाने."

त्याने लांबलांबचे नंबर शोधले. पहिल्या ठिकाणी बाई म्हणाली, "आमचं फॅमिली क्लिनिक आहे, असले पेशंट घेत नाही." दुसऱ्या ठिकाणी फोनवर हात ठेवून कोणीतरी कोणाला तरी बोलावलं, "ए, ऐक ऐक," आणि दोघीतिघींचं हसू ऐकू आलं. माझ्या हातातून फोन ओढून मित्र म्हणाला, "मॅडम, हसून झालं की सांगा हां, आम्ही लाइनवर आहोत." तिकडून फोन आपटला. मला घरी जायचं होतं. त्याने तिसरा लावला, मुलुंडचा. डॉक्टरबाईंनीच उचलला.

मी माझं वाक्य म्हटलं आणि विचारलं, "चालेल का?"

"चालेल का म्हणजे?" त्या शिंकल्या. "पेशंटच आहात ना? पाचला या. जुने कागद असतील तर आणा."

गोरेगाव-मुलुंड लिंक रोडच्या बसने गेलो. मित्र सोबत आला आणि बाहेर वडापाव खात थांबला. स्टेशनरीच्या दुकानावरचा लहानसा दवाखाना. दार लावून घेतलं की बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, आणि मला वाटलं, एवढंसं दार आमच्याकडे कोणालाच का परवडू नये? बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी सगळं विचारलं. कधी, कसं, कंडोम होता का, जखम कुठे होती. सगळे तेच प्रश्न, पण घरात डायबिटीस आहे का हे ज्या आवाजात विचारलं त्याच आवाजात. बोरिवलीच्या डॉक्टरांनी काय काय विचारलं होतं ते मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याचा उपचाराशी संबंध नव्हता. उत्तर द्यायची गरज नव्हती." हातमोजे त्यांनीही घातले. एकच जोडी. "या डागांना हात लावताना घालावे लागतात," म्हणाल्या, आणि माझा हात हातात धरून पाहिला.

मी सतत त्यांच्या तोंडावर किळस शोधत होतो. ती सवयच लागली होती. सापडली नाही, तर मला त्याचाच राग आला.

"डाग गेले म्हणजे आजार गेला असं नाही," त्या म्हणाल्या. "रक्त आजच काढू. एचआयव्हीचीही तपासणी करायची आहे, त्याला तुझी परवानगी लागेल."

"आईला आणायला लागेल का?"

"तू वीस वर्षांचा आहेस. आईचं काय काम?"

म्हणजे तो नियम नव्हताच. दोन महिने मी नसलेला नियम पाळत होतो. मला रडू वगैरे आलं नाही. दोन हातमोजे, पेन, ते ओठ, आईपुढे सरकवलेला तो कागद, सगळं एकदम आठवलं. आणि हे वेगळं घडण्यासाठी लागलं काय? एक लावलेलं दार आणि सर्दी झालेली एक बाई. बाईंनी विचारलं, रिपोर्ट आला की त्या स्वतः फोन करतील, कधी केलेला बरा? दुपारी, मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आई मोरीत कोलंबी सोलत होती. मी बाहेर गॅलरीत गेलो, समोर कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या.

"बोलता येतंय ना?" बाईंनी आधी विचारलं. मी हो म्हणालो. "एचआयव्ही निगेटिव्ह आहे, तीन महिन्यांनी एकदा परत करू. सिफिलिस पॉझिटिव्ह आहे. तो औषधाने पूर्ण बरा होतो. उद्या येऊन इंजेक्शन घे, जरा दुखेल. आणि त्या मुलाचा नंबर असेल तर त्यालाही सांग, त्याला बहुतेक माहीतच नसेल."