मीनलसाठी मी पाहिलेला क्लास

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय शिताफीने टाळते — तिथेही पत राखायची माझी खोड जात नाही. तुमच्याशी बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आमच्या घरात हुशार म्हणजे मी. शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून फ्रिज कोणता घ्यावा इथपासून दातांचा डॉक्टर कोणता बरा इथपर्यंत सगळं मला विचारायचं, अशी पद्धतच पडून गेली. मला ते आवडायचं. आवडायचं कसलं — मी त्यावरच जगत होते.

मीनल माझी धाकटी जाऊ. जबलपूरला मदन महल भागात एकाच घरात राहतो आम्ही, मी वर, ती खाली. इथलीच ती, हिंदी शाळेत शिकलेली. दिराच्या नोकरीचं काही खरं नव्हतं, म्हणून तिने ठरवलं — वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर शिकायचं आणि घरी बसून दुकानदारांची कामं घ्यायची. ओळखीच्या एका साडीवाल्याने तर सांगूनच ठेवलं होतं, "भाभीजी, आप सीख लो, पहला काम हमारा." ती आनंदाने वर आली. "ताई, क्लास तुम्हीच पाहून द्या. मला काय समजून राहिलं त्यातलं?"

मी पाहिले. नीट पाहिले — तेच तर सांगायचं आहे. न बघता कुठला तरी सुचवला असता, तर त्याला चूक म्हणता आलं असतं.

कमानिया गेटपाशी, कापडाच्या दुकानावर एक क्लास होता. जिना अरुंद, पंखा कुरकुरणारा. शिकवणाऱ्या बाई हिंदीत बोलत होत्या. प्रत्येकाला रिकामं पान उघडून द्यायच्या, "बिगड़े तो बिगड़ने दो, फिर खुद ठीक करो" म्हणायच्या आणि मागे उभ्या राहायच्या. आधीच्या मुलींनी काय केलंय, असं विचारलं, तर त्यांनी लगेच चालू वेबसाइट उघडून दाखवल्या. एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावून सरळ माझ्या हातात दिला. सिविल लाइंसचा दुसरा क्लास गारेगार, काचेचा. सर इंग्रजीत भराभर बोलत तयार नमुने दाखवत होते आणि मुलं ते तसेच्या तसे उतरवत होती. इथे शिकलेल्या कुणाची वेबसाइट दाखवा म्हटलं, तर त्यांनी भिंतीवरची प्रमाणपत्रं दाखवली. इतकी वर्षं मी मुलांना शिकवते. यातला शिकवणारा क्लास कोणता, हे मला कळत नव्हतं?

थांबा — त्याआधीचं थोडं सांगायला हवं. सबब म्हणून नाही. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण त्या वर्षी मीनलने मोबाइलवर करून दिलं होतं, काही न शिकता, आपलं आपण. सासरे सगळ्यांदेखत मला म्हणाले, "शुभा, या कामात हिचा हात तुझ्याहून बरा आहे." मी हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. पण माझ्या पोटात दुखलं. उद्या लोक हिला विचारायला लागले, तर माझं काय उरलं? एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी? हो, एवढ्याशाच.

मी तिला सिविल लाइंसला पाठवलं. वर मीच म्हणाले, इंग्रजीत शिकलेलं बरं, पुढे उपयोगी पडतं. यात कोण काय खोट काढणार? घरात माझं कौतुकच झालं. पहिल्या दिवशी मीनल माझ्या पाया पडून गेली.

आणि मग — हे सांगायला नको वाटतं.

काही दिवसांतच तिचं बोलणं कमी झालं. एकदा मेथी निवडताना तिने विचारलं, "ताई, हिंदीत शिकवणारं कुठे नाही का हो जबलपूरला? बाकीचे सगळे करून राहिले, मीच मागे पडली. विचारायची पण शरम वाटते."

"नाही गं," मी म्हणाले. "सगळीकडे पाहिलं मी. कुठे नाही."

माझा आवाज बदलला नाही. उलट मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सगळ्यांनाच जमतं असं नसतं." तेव्हा वेळ गेलेली नव्हती. साडीवाला थांबायला तयार होता. मला फक्त एक पत्ता सांगायचा होता. केसाने गळा कापणं म्हणतात ना? ते मी केलं, मेथी निवडता निवडता.

तिने क्लास सोडला. मला बरं वाटलं — हेही सांगायलाच हवं. थोडे दिवस अगदी छान वाटलं. आता ती त्याच साडीवाल्याच्या दुकानात दिवसभर उभी राहून गिऱ्हाइकांनी नाकारलेल्या साड्यांच्या घड्या घालते. दुकानाची वेबसाइट दुसऱ्याच कुणी केली. तिने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर! ती लोकांना सांगते, ताईंनी शहरातला सगळ्यात चांगला क्लास लावून दिला होता, मीच ढ निघाले. हे ती माझ्यासमोर सांगते, आणि मी मान खाली घालते, तेव्हा लोकांना तो माझा विनय वाटतो.

आता सांगून काय होणार, असं मी स्वतःला समजावत असे. जे व्हायचं ते होऊन गेलं, असं धरून चालले होते.

या उन्हाळ्यात तिची मुलगी ओवी अकरावीचे विषय ठरवत होती. तिला कॉम्प्युटर घ्यायचा होता. मीनल पोळ्या लाटता लाटता हसून म्हणाली, "काहून घेते? माझ्यावर गेली तू. आपल्या दोघींच्या डोक्यात नाही शिरत हे."

ओवीने माझ्याकडे पाहिलं. "काकू, सच में?"

मीनलही लाटणं थांबवून माझ्याकडे पाहत होती. दोघींचाही माझ्या शब्दावर विश्वास होता.

मी पाण्याचा पेला उचलला आणि पाणी पीत राहिले. अकरावीला ओवीने कॉम्प्युटर सोडून दुसरा विषय घेतला.