दर्याकडच्या चार खिडक्या

आधीच सांगते, भूतबित, राखणदार वगैरे निघालं की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. बोईसरला फ्लॅट भाड्याने लावून देते. रिकामी घरं रोज एकटीने उघडते... मला कसली भीती! पण हे मागच्या हिवाळ्यातलं, भर दुपारचं. अजून आठवलं की अंगावर सर्रकन काटा येतो, आणि हसूही येतं.

शिरगावला अगदी दर्याला लागून कमळीमावशींचा बंगला आहे. कुणा जहाजवाल्या शेठने बांधलेला, सागवानी जिना, संगमरवरी फरशी, मागे पानवेलीचा मळा. मावशी एकट्या, म्हणून विकायला काढलेला. बिल्डर टपलेलाच होता, बंगला पाडून मळा साफ करायला. मावशी मला म्हणाल्या, "बाय, राखनारं मानूस आन. आजची पार्टी नाय म्हनाली तर मी त्या बिल्डरला सही देते. माझ्याच्यान आता व्हत नाय."

पार्टी म्हणजे पुण्याच्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई. आधी मळा बघायला निघाल्या, तर मावशींनी अडवलं. "चपला काढा. पानवेल हाय ती." आमच्याकडे पानवेलीत कुणी चपला घालून जात नाही, देवघरच ते. बाई म्हणाल्या, "नको, मग राहू दे," आणि वर गेल्या.

वर माडीवर माझी फजिती. जाहिरातीत मी 'सी व्ह्यू' लिहिलेलं, आणि दर्याकडच्या चारही खिडक्या ढिम्म! ढकलल्या, खांदा लावला... छे. बाईंनी पर्स उचलली. माझं तोंड एवढंसं झालं.

खाली आल्यावर बाई मळ्यापाशी थबकल्या. काय वाटलं कुणास ठाऊक, सँडल काढल्या, पदर खोचला आणि आत गेल्या. मागोमाग मी नि मावशी. दोन पावलं टाकली असतील नसतील — वर खाड, खाड, खाड, खाड!

चारही खिडक्या सताड उघड्या. घरात कुणी नाही. वारा म्हणाल तर वेलीचं पानही हलत नव्हतं.

आम्ही वर धावलो. समोर नुसता दर्या, झगझगीत! बाई रडत-हसत म्हणाल्या, "मी घेतला. मळ्यासकट."

मावशी मात्र खिडकीला हात लावून उभ्या. "बाय, ह्या मी वादळाच्या टायमाला बाहेरून खिळे मारून बंद करून घेतलेल्या. तुला सांगायचंच रायलं."

मी वाकून पाहिलं. खिळे खिडक्यांच्या झडपांत तसेच होते, गंजलेले, टोकं बाहेर. एकही वाकलेला नाही... आणि चौकटीला एक भोकसुद्धा नाही.

बोईसरच्या दोन सुतारांना फोटो दाखवलेत. दोघांनीही फोटो मोठा करून खिळे मोजले आणि फोन परत दिला.